पुरावा कुठे आहे? ठाण्यातल्या एका स्वातंत्र्यवादी वकिलाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्याच्या कोर्टात चोवीस वर्षं फौजदारी वकिली करते. महिन्यातल्या एका रविवारी नौपाड्यात आमचा वाचनगट भरतो. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, रेल्वेतले दोघं आहेत, कॉलेजची मुलं आहेत आणि एक जुने नाटकवाले काका आहेत. गटात, सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. ते एकदा सविस्तर लिहून ठेवावेत म्हणून हे पान. जिथे उत्तर देणं मला जड गेलं, तिथे तसं लिहिलं आहे.

स्वातंत्र्यवादी म्हणजे नक्की कोण? डावे की उजवे?

दोन्ही बाजूंचे लोक आम्हाला समोरच्या बाजूचे समजतात. आमचं म्हणणं साधं आहे. माणसाचं शरीर, त्याची कमाई आणि त्याचं बोलणं त्याच्या मालकीचं आहे. त्याने दुसऱ्याला इजा केली, फसवलं, लुटलं, तर सरकारने मध्ये पडावं, आणि तेव्हाही पुरावा दाखवूनच पडावं. मराठीत हा विचार परका नाही. आगरकरांनी तो मांडला. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, पण मासिक चालूच राहिलं. शेतकऱ्याला त्याच्या मालाचा भाव सरकार मिळू देत नाही, हे शरद जोशी आयुष्यभर सांगत राहिले, तेही याच विचारातून.

म्हणजे तुम्ही दहशतवाद्यांच्या बाजूच्या?

नाही. लोकलच्या डब्यात बॉम्ब ठेवणाऱ्या माणसाइतकं दुसऱ्याचं स्वातंत्र्य कोणी पायदळी तुडवत नाही. मुलुंडच्या गाडीत १३ मार्च २००३ ला स्फोट झाला, तेव्हा त्या मार्गावर रोज प्रवास करणाऱ्या माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका होत्या. ज्याने तो बॉम्ब ठेवला त्याला शिक्षा व्हावी, असं मला मनापासून वाटतं. त्याला म्हणजे त्यालाच. त्याच्या मोहल्ल्यातल्या, त्याच्या संघटनेशी नाव जुळणाऱ्या, किंवा त्या रात्री हाताशी सापडलेल्या दुसऱ्याला नव्हे. माझं सगळं भांडण एवढ्या एका फरकासाठी आहे.

पण कायदे कडक नसतील तर हे लोक सुटतील ना?

कडक कायद्यांचा हिशेब आपल्यासमोर आहे. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ मध्ये आला आणि १९९५ मध्ये संपला. त्यात सुमारे ७६ हजार लोकांना अटक झाली, आणि दोषी ठरलेल्यांचं प्रमाण दोन टक्क्यांहून कमी होतं. मग २००२ मध्ये तसाच पोटा आला आणि २००४ मध्ये रद्द झाला. त्याची बरीचशी कलमं यूएपीएत, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्यात, जाऊन बसली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरकार संघटनेलाच नाही, तर एकट्या माणसालाही दहशतवादी जाहीर करू शकतं, आणि त्यासाठी आधी खटला चालवावा लागत नाही.

या कायद्यात खरी ताकद शिक्षेच्या कलमात नाही, जामिनाच्या कलमात आहे. साध्या गुन्ह्यात ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामीन मिळतो. इथे ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. चार्जशीट आल्यावर कलम ४३ड(५) उभं राहतं. आरोप वरवर पाहता खरे वाटले तरी जामीन नाही. म्हणजे पोलिसांनी जे लिहिलं ते वाचायचं, आणि त्याची उलटतपासणी व्हायच्या आत माणसाला आत ठेवायचं. मग तारखा पडत राहतात. 'आरोपी हजर नाही, गार्ड उपलब्ध नाही' हे वाक्य मी रोजनाम्यात किती वेळा वाचलं असेल, मोजदाद नाही.

आपल्या तळोजा कारागृहात आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी याच कायद्याखाली होते. वय ८३, कंपवाताने हात थरथरायचे, पेला धरता येईना. पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला, जामिनाचं अपील प्रलंबित असताना, ते गेले. ते दोषी होते की निर्दोष, हे आता कोणतंच कोर्ट ठरवणार नाही.

मग २६/११ चं काय? तिथेही वकील, अपील, सगळं द्यायचं?

दिलं, आणि बरं झालं दिलं. तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलून एक हल्लेखोर जिवंत धरून दिला. त्या रात्री आणि पुढच्या तीन दिवसांत १६६ माणसं गेली होती, लोकांच्या मनात आग होती. तरी खटला उघड्या कोर्टात चालला, साक्षीदार आले, छायाचित्रं आली, सीसीटीव्ही आलं. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाचा निकाल, पुढे उच्च न्यायालय, मग ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालय, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. फाशीच्या शिक्षेबद्दल माझं मत वेगळं आहे, पण तो माणूस दोषी होता याबद्दल जगात कोणी शंका घेऊ शकलं नाही. त्याच खटल्यात ज्या दोन भारतीयांवर नकाशे पुरवल्याचा आरोप होता, ते पुराव्याअभावी सुटले आणि सर्वोच्च न्यायालयातही ते सुटकेचे आदेश टिकले. एकाच न्यायाधीशाने, एकाच निकालात, दोषीला दोषी म्हटलं आणि ज्यांच्याविरुद्ध पुरावा नव्हता त्यांना सोडलं. मला हवा असलेला न्याय हाच.

लोकल स्फोटांतले सगळे सुटले. मग बॉम्ब काय आकाशातून पडले?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त टोचतो, कारण विचारणाऱ्याचं दुःख खरं असतं. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून जास्त माणसं घरी परतली नाहीत. २०१५ मध्ये मोक्का, म्हणजे राज्याच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. एक जण तेव्हाच निर्दोष सुटला होता. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. राज्य सरकारचं अपील सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे या निकालाचा दाखला म्हणून वापर करण्याला स्थगिती मिळाली आहे, सुटलेल्यांना मात्र परत आत घातलेलं नाही.

उच्च न्यायालयाने बोट ठेवलं ते कबुलीजबाबांवर. साध्या कायद्यात पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा धरत नाहीत. मोक्कात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा चालतो. ही सवलत दिली की तपासाचं काय होतं ते बघा. चौकीत बसून कबुली मिळत असेल, तर स्फोटकं कुठून आली, पैसा कुठून आला, हे शोधत उन्हातान्हात कोण फिरेल? म्हणून मी म्हणते की कडक कायद्याने आधी तपासच मऊ होतो. एकोणीस वर्षांनी मृतांच्या नातेवाइकांच्या हाती नावही नाही आणि उत्तरही नाही. मालेगावातही हेच झालं. २००६ च्या स्फोटांत पकडलेले नऊ मुस्लिम तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटातले सातही हिंदू आरोपी ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सुटले. आपापल्या धर्माच्या आरोपींसाठी आनंद करणारे दोन्हीकडे दिसले. ज्यांची माणसं गेली ती घरं मात्र दोन्ही वेळा रिकाम्या हातीच राहिली.

अनंत कान्हेरेही तुमच्या व्याख्येत दहशतवादी का?

एका शाळकरी मुलीने गटात विचारला होता हा प्रश्न, आणि बराच वेळ कोणी बोललं नव्हतं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घातल्या गेल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना आपल्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. मी रोज त्या भिंतीला वळसा घालून कोर्टात जाते. इंग्रजांच्या दप्तरात ते अतिरेकी होते, आपल्यासाठी हुतात्मे आहेत. माझं उत्तर असं, की 'दहशतवादी' हा शिक्का मारायचा अधिकार सत्तेच्या हातात असतो, आणि सत्ता बदलते. रौलट कायद्याविरुद्ध १९१९ मध्ये आपले आजोबा-पणजोबा 'ना वकील, ना दलील, ना अपील' म्हणून रस्त्यावर आले होते. त्यातली एकही ओळ आजही खोडायची गरज मला वाटत नाही. कृत्य बघा, पुरावा बघा, खुनाला खून म्हणा. शिक्क्यावरून शिक्षा ठरवू नका.

एन्काउंटर झाला की लोक पेढे वाटतात. तुम्हाला का त्रास होतो?

वाशीतून ११ नोव्हेंबर २००६ ला लखनभैया नावाच्या माणसाला त्याच्या मित्रासोबत उचललं. त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचललंय, त्याच्या जिवाला धोका आहे, अशा तारा आणि फॅक्स त्याने वरिष्ठांना लगेच पाठवले. त्याच संध्याकाळी वर्सोव्याला 'चकमक' झाली. त्या तारा होत्या म्हणून प्रकरण उभं राहिलं. सोबत उचललेला मित्र महत्त्वाचा साक्षीदार होता. मार्च २०११ मध्ये साक्षीच्या काही दिवस आधी तो बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. २०१३ मध्ये २१ जणांना शिक्षा झाली, त्यांत १३ पोलिस होते. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने एका नावाजलेल्या अधिकाऱ्यालाही जन्मठेप सुनावली.

याच अधिकाऱ्यांच्या पिढीवर सिनेमे निघत होते आणि आपण थिएटरात शिट्ट्या वाजवत होतो. सिनेमा काढायला माझी अजिबात हरकत नाही, कोणी काय दाखवावं हे सरकारने ठरवू नये. पण प्रेक्षक म्हणून आपण स्वतःला विचारायला हवं, की पडद्यावर गोळी खाणारा नेहमी गुन्हेगारच असतो, कारण ते लेखकाने आधी ठरवलेलं असतं. रस्त्यावर ते आधी कोण ठरवतं?

बदलापूरचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला मुंब्रा बायपासवर पोलिस व्हॅनमध्ये मारला गेला. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचार केल्याचा त्याच्यावरचा आरोप ऐकून माझंही रक्त उसळलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने व्हॅनमधल्या पाच पोलिसांना त्याच्या मृत्यूस जबाबदार धरलं. त्या दोन चिमुरड्यांच्या बाबतीत त्याच्याविरुद्धचा पुरावा आता कोर्टात कधीच तपासला जाणार नाही. शाळेत नेमकं काय झालं आणि कोणी कोणी डोळेझाक केली, हे सगळं त्याच्या उलटतपासणीत निघालं असतं.

ड्रग्जही खुले करा म्हणता? तुम्हाला मुलं नाहीत का?

मुलगा आहे, एकोणीस वर्षांचा. त्याच्या काळजीपोटीच हे मत झालं आहे.

१४ नोव्हेंबर १९८५ ला अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा लागू झाला. त्याआधी गांजाची परवानाधारक दुकानं होती. इंग्रज सरकारने १८९३ मध्ये गांजा-भांगेवर आयोग नेमला होता. त्याने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सांगितलं, की माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा. १९८५ च्या कायद्याने मात्र भांग बाहेर ठेवली आणि त्याच झाडाचा शेंडा गुन्हा ठरवला. म्हणजे पानाला सूट आणि फुलोऱ्याला तुरुंग. गांजा वीस किलोच्या वर गेला की किमान दहा वर्षं. आरोपीच्या ताब्यात माल सापडला की तो गुन्हेगार असल्याचं गृहीत धरायचं आणि तसं नसल्याचं त्याने सिद्ध करायचं. दहशतवादाच्या कायद्यात जे जामिनाचं होतं, तेच इथे पुराव्याच्या ओझ्याचं झालं.

माझ्याकडे एक मुलगा आला होता, डिलिव्हरीचं काम करायचा. बॅगेत दुसऱ्याने दिलेलं पाकीट. पंचनाम्यावरचे दोन पंच मी दुसऱ्या एका फाइलमध्ये पाहिले होते, तिसऱ्यातही पाहिले. मुलाला जामीन मिळायला चौदा महिने गेले. तोवर आईने कानातलं विकलं होतं. ज्याने पाकीट दिलं तो कधी पकडलाच गेला नाही. मोठ्या घरांतही पोरं भरडली जातात. २०२१ मध्ये एका सुप्रसिद्ध अभिनेत्याचा मुलगा, अंगावर काही सापडलं नसताना, जवळजवळ चार आठवडे आत होता, आणि मे २०२२ मध्ये त्याच्याविरुद्ध पुरावा नाही म्हणून त्याचं नावच चार्जशीटमध्ये आलं नाही. त्याच्याकडे देशातले सर्वोत्तम वकील होते. त्या डिलिव्हरीवाल्या मुलाकडे मी होते.

पण एमडी (मेफेड्रोन)? ते तर विष आहे.

आहेच. ते कुठून आलं, हे मात्र विचारा. गांजाचं गाठोडं मोठं, वास येतो, पकडलं जातं. पावडर चिमूटभर, वास नाही, रसायनांच्या शेडमध्ये तयार होते. पकडण्याची भीती जितकी वाढवाल, तितका धंदा लहान पुडीतल्या जहाल मालाकडे सरकतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत बिअर मागे पडली आणि कडक दारू पुढे आली, तसंच हे. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आलं आणि त्यानंतर ते आपल्या गल्ल्यांतून कमी झाल्याचं मला तरी दिसलं नाही.

पोर्तुगालने जुलै २००१ पासून स्वतःपुरता साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं आणि त्या माणसाला आरोग्य खात्याच्या समितीपुढे पाठवायला सुरुवात केली. विकणं तिथे आजही गुन्हा आहे. मी आत्ता एवढंच मागते. वापरणाऱ्याला डॉक्टरकडे पाठवा. आपल्याच कायद्यात कलम ६४अ आहे, उपचाराला तयार असलेल्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारं. ते किती पालकांना माहीत आहे?

आणि दारू? 'आडवी बाटली' करणाऱ्या बायका मूर्ख आहेत का?

अजिबात नाहीत, आणि इथे माझी सर्वांत जास्त अडचण होते. वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद करणं, यामागे वर्षानुवर्षांचा मार आहे, पगाराच्या दिवशी रिकामं आलेलं पाकीट आहे. खारघरच्या रहिवाशांनी आपलं उपनगर दारूमुक्त ठेवायला दिलेला लढाही मी जवळून पाहिला. आपल्या वस्तीत दुकान नको म्हणणं मला समजतं. त्या बायकांसमोर बसून स्वातंत्र्याचं व्याख्यान देणं मला जमलेलं नाही.

पण मी त्यांना एक गोष्ट सांगते. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये दारूबंदी कायदा केला. त्या काळात घराघरात 'आंटी'चे अड्डे निघाले, हातभट्टीवर वरदराजनसारखे लोक मोठे झाले, आणि मुंबईच्या टोळ्यांना पहिलं भांडवल तिथून मिळालं. तो कायदा अजून आहे. महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो, हे कित्येकांना ठाऊकच नाही. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठवावी लागली. बंदी असलेल्या बिहारमध्ये डिसेंबर २०२२ ला विषारी दारूने सारण जिल्ह्यात सत्तरच्या वर माणसं मेली. मुंबईत मालाडच्या मालवणीत २०१५ मध्ये शंभरहून जास्त गेली. तिथे बंदी नव्हती, तेव्हा सगळा दोष बंदीवर टाकणं अप्रामाणिकपणा होईल. पण तिथेही मेला तो दुकानातली बाटली न परवडणारा.

हात उगारणारा नवरा हा गुन्हेगार आहे, पिऊन असो वा न पिता. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा त्याला घराबाहेर काढू शकतो. ते काम चौकीत झालं पाहिजे, रात्री अकराला, तक्रार घेऊन. दुकान बंद झालं आणि चौकी तशीच राहिली, तर मार थांबत नाही. त्यांतल्या एका मावशींनी मला ऐकवलं होतं, 'बाई, दुकान बंद झालं तर निदान दोन किलोमीटर चालत तरी जावं लागेल त्याला.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गुटखा?

२०१२ पासून बंद आहे. कुठल्याही टपरीवर विचारा.

नाटक-सिनेमावर तरी सेन्सॉर हवा ना? भावना दुखावतात.

ठाणेकरांना आणि वाशीकरांना हे मी सांगायला नको. ३१ मे २००८ ला वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला आणि ४ जूनला आपल्या गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये स्फोट झाला, सात जण जखमी झाले. कारण काय, तर 'आम्ही पाचपुते' या विनोदी नाटकात महाभारताची थट्टा होती. २०११ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने सहांपैकी दोघांना दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली आणि चौघांना सोडलं.

आमच्या गटातले नाटकवाले काका म्हणतात, स्फोटानंतर काही दिवस तिकीट खिडकीवर लोक आधी गाडी कुठे लावायची ते विचारायचे. भावना दुखावल्या म्हणून प्रयोग थांबवा असं सरकार म्हणतं, तेव्हा ते बॉम्ब ठेवणाऱ्याला सांगत असतं की तुझी तक्रार रास्त आहे, फक्त पद्धत चुकली. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही आधी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. 'सखाराम बाइंडर'चं प्रमाणपत्र रद्द झालं तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. प्रत्येक निर्मात्याकडे तेवढा दम आणि पैसा नसतो. ज्याच्याकडे नसतो तो संहितेतलं वाक्य स्वतःच खोडतो, आणि ते वाक्य कोणतं होतं हे आपल्याला कधी कळत नाही.

डान्स बार बंद केले ते तरी बरं झालं?

पनवेलच्या हायवेवरच्या बारांवरून २००५ ला गदारोळ झाला आणि बंदी आली. तारांकित हॉटेलं आणि जिमखाने मात्र वगळले. तोच नाच, पण श्रीमंतांसमोर चालेल. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. नंतरच्या नव्या कायद्यातल्याही बऱ्याच अटी २०१९ मध्ये पडल्या. मधल्या वर्षांत नाचणाऱ्या हजारो बायकांचा रोजगार गेला. जबरदस्तीने आणलेल्या मुलींसाठी मानवी तस्करीचे कायदे होते, तेच वापरायचे होते.

मग पोलिस, कोर्ट हेही खासगी करायचं का?

काही स्वातंत्र्यवादी तसं म्हणतात. मी म्हणत नाही. खासगी कोर्टात गरिबाचा वकील कोण?

रात्री पोलिसांनी येऊन मुलाला नेलं तर पहिल्यांदा काय करायचं?

कुठल्या पोलिस ठाण्यात नेताय आणि कोणत्या कलमाखाली, हे विचारा आणि वेळ लिहून ठेवा. अटकेची कारणं लेखी मागा. यूएपीएतही ती लेखी द्यावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितलं आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. अमली पदार्थांसाठी अंगझडती घेताना, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घ्या असं म्हणण्याचा हक्क कलम ५० देतं. हा हक्क अंगझडतीपुरता आहे, बॅगेला लागू नाही. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा, किंवा जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

लखनभैयाच्या भावाने केलं ते करा. त्याच रात्री पोलिस आयुक्तांना आणि दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवा, हल्ली ईमेल चालतो, आणि त्यावर वेळ उमटलेली असते. मुलाला सांगून ठेवा, कोऱ्या कागदावर सही करायची नाही, आणि जो कागद समोर येईल तो मराठीत वाचून दाखवायला सांगायचा.